भरती वजा खाली

जिनिंगच्या काट्यावर सव्वीस हंगाम काढले मी.
भरली गाडी आत आली की वजन लिहायचं,
कापूस गंजीवर उतरला की
तीच गाडी परत, खाली. वजा करायचं.
उरतो तो माल.

दोन गाड्यांच्या मधे वाचायचो.
घाटंजीच्या वाचनालयातली पुस्तकं,
पानांना सरकीचा वास. तो मीच लावलेला.
कथा दोन गाड्यांत संपायची.
कादंबरीला दिवाळीपासून होळी,
आणि मधेच रांग लागली तर
नायिका तीन-तीन दिवस उंबऱ्यावर उभी,
एक पाय आत, एक बाहेर,
मी इकडे कापसाच्या ओलीवरून भांडतोय.
सांगायला लाज वाटते, पण रात्री जेवताना
तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील, असं वाटायचं.

सिनेमा वर्षातून एकदा, महाशिवरात्रीच्या जत्रेत,
तंबूत, पडद्याच्या मागच्या बाजूनं. तिकीट निम्मं.
नावं उलटी. नायक डावखुरा.
परवा नातवानं तोच सिनेमा फोनवर लावला, समोरून.
सगळं जागच्या जागी होतं
आणि माणूस परका.
"आबाजी, चूप काऊन झाले?"
काय सांगू बेट्या,
हा उजव्या हातानं पत्र लिहिते.

पण सांगायचं होतं ते पेन्सिलचं.
त्या पुस्तकांच्या समासात कुणीतरी लिहायचं,
बारीक, तिरपं.
एका गाजलेल्या कादंबरीत बाया श्रावणात कापूस वेचत होत्या,
गाणं म्हणत.
समासात: श्रावणात बोंड तरी धरते का? निंदण चालू असते.
दुसरीकडे सासू गेली, सून लगेच पोळ्या लाटायला बसली.
समासात: मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाकर शेजारून येते.
एका फार सुंदर उपमेखाली नुसतं: बरं.

पुढं पुढं मी आधी समासच वाचायचो,
मग वेळ उरला तर लेखक.

संशय पोस्टमास्तरवर होता,
नंतर हायस्कूलच्या बोबडे सरांवर.
मग एकदा शाळेच्या खिचडीचा तांदूळ
आमच्या काट्यावर आला, सोबत चिठ्ठी:
दर पोत्यात दोन किलो कमी भरते. पुन्हा मोजा.
तेच अक्षर.
पोत्याला टेकून सुलोचना नैताम उभी,
खिचडी शिजवणारी, पदर कमरेला खोचलेला.
मला खूप विचारायचं होतं.
विचारलं काय, तर
"पोत्यासकट मोजू की पोतं वजा करून?"
म्हणाली, "पोतं कोण खाते?"

त्याच आठवड्यात ती कथा हाती आली.
आठ पानं. कव्हर गेलेलं, लेखक कोण कळायला मार्ग नाही.
एक बाई रात्री उठते. घर झोपलेलं.
स्वयंपाकघरात जाते, दिवा लावत नाही,
पाणीही पीत नाही.
थोडा वेळ बसते आणि परत येऊन आडवी होते.
मला वाटलं, पान गळलं असेल.
मोजले आकडे. सगळी होती.

शेवटच्या ओळीशेजारी एकच शब्द:
हो.
इतका दाबून लिहिलेला की
पान उलटलं तरी बोटाला लागतो.

किती वेळा वाचली असेल मी ती कथा.
दरवेळी भरती लिहितो, खाली लिहितो,
वजाबाकी काही जमत नाही.

ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे.
नैतामबाईनं दोनदा मागितलं, असं ग्रंथपाल म्हणाला.
उद्या देतो, म्हटलं.
रात्रीचे साडेबारा.
घर झोपलंय. मी पेन्सिलला टोक करून
तिच्या त्या शब्दाखाली
काय लिहावं, बघत बसलोय.